पाणी ‘ठीक’ दाखवतंय, तरी निऑन एकेक करून का जातात?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घरातली झाडांनी भरलेली माशांची टाकी, त्यात बारा-पंधरा निऑन टेट्रा, म्हणजे निळ्या-लाल पट्ट्यांचे बारके मासे, सोडलेले. पहिला आठवडा बरा जातो. मग एके दिवशी मोजले तर एक कमी, चार दिवसांनी आणखी एक. मेलेला मासा कधी सापडतो, कधी सापडतच नाही. टेस्ट किटने पाणी तपासावं तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत, म्हणजे सगळं ठीक. मग औषधाची बाटली येते, दोन दिवस शांतता, पुन्हा एक कमी. शेवटी नवीन सहा आणून संख्या भरली जाते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

हे निऑनपुरतं नाही. कार्डिनल, एम्बर टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा, चिली रासबोरा, असे थव्याने राहणारे दोन ते चार सेंटिमीटरचे सगळेच शांत मासे या तक्रारीत येतात. मोठा मासा आजारी पडला की तो लक्षात येतो. थव्यातला बारका मासा आजारी पडला की तो नुसता कमी होतो.

अशा वेळी ‘कोणतं औषध घालू’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘मासा कधी जातो’ हे शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसाच्या कोणत्या वेळी? पाणी बदलल्यापासून किती तासांनी? नवीन मासे आणल्यापासून किती दिवसांनी? किट फक्त तुम्ही पाणी काढलं त्या क्षणाबद्दल सांगतं, आणि आपण पाणी काढतो ते बहुधा संध्याकाळी, निवांत असताना. झाडांच्या टाकीत ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड (सीओटू) आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) दिवसरात्र वरखाली होत असतात. पहाटे पाचला जे घडतं ते संध्याकाळी सातच्या नमुन्यात कुठून दिसणार?

म्हणून आधी एक साधी वही करा. रोज खायला घालताना मासे मोजायचे, कारण तेवढ्याच वेळात सगळे पुढे येतात. कमी झाला, की तारीख, वेळ आणि त्याआधीच्या दोन दिवसांत टाकीत काय केलं ते लिहायचं. पाणी बदललं, फिल्टर धुतला, छाटणी केली, खत वाढवलं, काहीही. मेलेला मासा दिसला नाही तर फिल्टरच्या नळीचं तोंड, फिल्टरची मागची बाजू आणि टाकीबाहेरची जमीन बघा, कारण हे मासे उडी मारतात. तिथेही नसेल तर गोगलगायी आणि कोळंबीने एका रात्रीत संपवला असं धरा. एवढ्याशा जिवाला तेवढा वेळ पुरतो.

दोन गोष्टी वहीत लिहू नका, कारण त्या आजार नाहीत. रात्री दिवा बंद असताना निऑनचा निळा पट्टा फिका किंवा जांभळट दिसतो, अंगाचा लालपणाही उतरतो. दिवा लागल्यावर थोड्या वेळात रंग परततो. दुसरं म्हणजे मासे विखुरलेले फिरणं. निवांत थवा सैलच असतो. उलट सगळे दिवसभर एका कोपऱ्यात घट्ट चिकटून असतील, तर त्यांना कशाची तरी भीती वाटते आहे.

पहाटे मेलेले मासे

सकाळी दिवा लागल्यावर मेलेला मासा सापडतो, दिवसा मात्र सगळे मजेत असतात. ही नोंद वहीत दोनदा-तीनदा आली तर आधी ऑक्सिजनकडे बघा. दिवा असताना झाडं ऑक्सिजन सोडतात. दिवा गेला की तीच झाडं माशांसारखीच ऑक्सिजन वापरू लागतात. फिल्टरमधले जिवाणू वापरतात, मातीत कुजणारी पानंही वापरतात. रात्रभर हा साठा उतरत जातो आणि दिवा लागण्याच्या जरा आधी तो सगळ्यात खाली असतो. म्हणजे ‘माझ्याकडे इतकी झाडं आहेत, ऑक्सिजनचा प्रश्नच नाही’ हे वाक्य दिवसाच खरं असतं.

त्यात पाणी गरम असेल तर साठा मुळातच लहान. २५ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साधारण साडेसात. शिवाय गरम पाण्यात माशाचा श्वास वाढतो, म्हणजे गरज जास्त आणि पुरवठा कमी. पृष्ठभागावर तेलकट साय जमली असेल तर हवेशी देवाणघेवाण आणखी मंदावते. ही साय समोरून दिसत नाही. डोळे पाण्याच्या पातळीखाली नेऊन खालून वर बघा, पृष्ठभाग धुरकट दिसेल.

खात्री करायची तर एक दिवस दिवा लागण्याआधी उठावं लागेल. मंद टॉर्च थेट टाकीवर न मारता बाजूच्या भिंतीवर मारा आणि बघा. थवा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये अडकलेला असेल, तोंडं पृष्ठभागाला लागलेली असतील, कल्ले दिवसापेक्षा बरेच जोरात हलत असतील, तर उत्तर मिळालं.

उपाय स्वस्त आहे. फिल्टरचं बाहेर येणारं पाणी असं वळवा की पृष्ठभाग सतत थरथरत राहील, किंवा दिवा बंद असतानाच चालेल असा एअर पंप टायमरवर लावा. झाडांसाठी सोडलेला सीओटू वाया जाईल म्हणून लोक रात्रीही पृष्ठभाग शांत ठेवतात. हा हिशेबच चुकीचा आहे. रात्री झाडांना सीओटू नकोच असतो, तो उडून गेला तर चांगलंच.

दिवे असताना, दुपारनंतर

सीओटू सिलिंडर असलेल्या टाकीत घड्याळ उलटं चालतं. सकाळी मासे छान, दिवे लागून चार-पाच तास झाले की ते वर येतात, खाणं टाळतात, एखादा तिरका होऊन पानावर पडतो. पाण्यात सीओटू फार झाला की माशाच्या रक्तातला सीओटू कल्ल्यांतून बाहेर पडू शकत नाही. तेव्हा पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो.

ड्रॉप चेकर, म्हणजे रंग बदलून सीओटू दाखवणारी छोटी कुपी, हिरवा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. त्यात ४ डिग्री केएचचं (ठरावीक क्षारतेचं) द्रावण वापरलं तर हिरवा रंग साधारण ३० मिलिग्रॅम प्रति लिटर सीओटू दाखवतो, पण तो रंग पाण्यामागून तास-दोन तास उशिरा बदलतो. चेकर पिवळा होईपर्यंत बारक्या माशांचं काम झालेलं असतं. त्यापेक्षा पीएच मोजा. एक पेला पाणी दिवसभर उघडं ठेवून त्याचा पीएच घ्या आणि भर दुपारी टाकीतल्या पाण्याचा घ्या. फरक साधारण १ असेल तर बहुतेक झाडांना पुरेसा सीओटू मिळतो आहे. त्याच्या पुढे गेला असेल तर सीओटूचे बुडबुडे कमी करा, झाडं थोडी हळू वाढली तरी चालेल.

महिनोन्‌महिने नीट चाललेली टाकी एकदम बिघडली तर दोन गोष्टी आठवा. एक, मोठी छाटणी. निम्मी झाडं कापल्यावर सीओटू वापरणारी पानं निम्मी झाली, बुडबुडे मात्र तेवढेच राहिले. दोन, संपत आलेला सिलिंडर. आतला दाब घसरू लागला की एकाच टप्प्याच्या काही रेग्युलेटरमधून वायू उलट जास्त वेगाने सुटतो. या दोन्ही वेळी बुडबुडे नव्याने मोजा. द्रव कार्बन म्हणून जे विकलं जातं त्यात बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं. ते शेवाळ मारतं, प्रमाण चुकलं तर मासेही मारतं. शेवाळ हटत नाही म्हणून दुप्पट डोस घालण्याची सवय असेल तर आधी ती सोडा.

मासे गुदमरताना दिसले तर त्या क्षणी सीओटू बंद, एअर स्टोन सुरू, थोडं पाणी बदल. फार उशीर झाला नसेल तर बहुतेक मासे तासाभरात सावरतात. पुढच्या दिवसापासून सीओटू दिव्याच्या तासभर आधी सुरू आणि तासभर आधी बंद, तेही सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) आणि टायमरने. हाताने चालू-बंद करण्यात एक दिवस विसर पडतोच.

पाणी बदलल्यानंतर

हे सगळ्यात चकवणारं कारण आहे. ‘मी तर उलट स्वच्छ पाणी घातलं, तरी मासे गेले’ असं म्हणणाऱ्याला त्याच वेळी सांगितलं जातं की पाणी बदलतच जाऊ नका. सल्ला नेमका उलटा पडतो.

फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आपण केएच म्हणून मोजतो ती, खर्च करत असतात. पाणी बरेच दिवस बदललं नाही, उडालेल्या पाण्याच्या जागी नुसती भर घातली, की केएच हळूहळू शून्याकडे जातो. पीएचला आधार उरत नाही, तो ६ किंवा त्याखाली घसरतो. तिथे जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. पण मासे मरत नाहीत, कारण कमी पीएचला तो जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंशांना पीएच ६ असेल तर एकूण अमोनियातला विषारी वाटा ०.०६ टक्क्यांच्या आसपास असतो. पीएच ७ ला तो साधारण ०.६ टक्के होतो आणि ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो.

आता टाकी कोंदट दिसते म्हणून तुम्ही एका दिवसात निम्मं पाणी काढून पीएच ८ चं ताजं पाणी भरलं. एकूण अमोनिया निम्मा झाला, पण पीएच ८ च्या जवळ गेला तर त्यातला विषारी वाटा ऐंशी-नव्वद पटीने वाढला. दोन तासांत मासे वर येतात, रात्रीपर्यंत दोन-तीन जातात. दुसऱ्या दिवशी जिवाणू नव्या क्षारतेवर पुन्हा कामाला लागतात, अमोनिया उतरतो आणि तिसऱ्या दिवशी किट शून्य दाखवतं. म्हणून तपासणी पाणी बदलण्याआधी करायची. अमोनिया, पीएच आणि केएच तिन्ही मोजायचे, टाकीचे आणि नव्या पाण्याचेही. अमोनिया शून्य आणि पीएचमधला फरक कमी असेल तर हे कारण बाद करा. अमोनिया दिसत असेल आणि टाकीचा पीएच नव्या पाण्यापेक्षा बराच खाली असेल, तर रोज थोडं थोडं, दहा टक्क्यांच्या आसपास पाणी बदलत टाकी सावकाश वर आणा. तोवर खाणं अगदी कमी द्या.

एक अपवाद सांगायला हवा. झाडांसाठीची खास सॉइल केएच मुद्दाम शोषून घेते. अशा टाकीत केएच शून्य-एक आणि पीएच सहा-साडेसहा हे नेहमीचंच असतं. तिथे केएच वाढवण्याचा खटाटोप करू नका. फक्त नवं पाणी टाकीच्या जवळपासचं आणि थोड्या प्रमाणात घालत जा.

अमोनिया नसतानाही पाणी बदलल्यावर मासे जात असतील तर विरघळलेल्या क्षारांचा फरक बघा. वाफ होऊन पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात. महिनाभर जड पाण्याची नुसती भर घालत गेलात की टाकीतलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड होतं, आणि मग एकदम निम्मं बदललं की बारक्या माशांच्या अंगाला तो धक्का सोसत नाही. उडालेल्या पाण्याची भर शक्यतो आरओच्या किंवा मऊ पाण्याने करावी. पाणी बदलणं हे वेगळं काम आहे, ते ठरल्या दिवशी वेगळं करावं.

क्लोरिनबद्दल थोडक्यात. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरिन उडतो, क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही. पाणी थेट टाकीत सोडत असाल तर कंडिशनरचा (क्लोरिन निकामी करणाऱ्या द्रवाचा) डोस नव्या पाण्यापुरता न घालता टाकीच्या पूर्ण पाण्याचा घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. आणि फिल्टर धुणं, मोठं पाणी बदलणं आणि मुळासकट झाडं उपटणं या तीन गोष्टी एका दिवशी करू नका. जुनी माती उकरली की तिच्यातला अमोनिया एकदम पाण्यात येतो.

नवीन मासे आणल्यापासून दोन-तीन आठवडे

वही जर असं दाखवत असेल की मरण्याची लाट प्रत्येक नव्या खेपेनंतर येते, तर पाण्याला दोष देणं थांबवा. प्रवासाने आणि गर्दीने दमलेल्या माशांबरोबर आजार येतो आणि तो जुन्या थव्यातही पसरतो.

इथे मासा जवळून बघावा लागतो, जमल्यास भिंगातून. अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांसारखे सुटे पांढरे ठिपके असतील तर तो इक, एका परजीवीचा आजार. औषध फक्त त्या परजीवीच्या पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेवर लागू पडतं, म्हणून ठिपके गेले तरी लगेच थांबवायचं नाही. तोंडाभोवती पांढरट कडा, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा आणि एक-दोन दिवसांत मासा खलास, हे कॉलमनॅरिसचं लक्षण. हा जिवाणूंचा आजार आहे आणि तो उष्ण पाण्यात भडकतो. इकसाठी हीटर वाढवण्याचा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो इथे लावलात तर थवा हातचा जाईल. ठिपका आहे की पट्टा, हे ठरवल्याशिवाय तापमानाला हात लावू नका.

तिसरा प्रकार म्हणजे निऑनचा म्हणून ओळखला जाणारा आजार, प्लायस्टोफोरा या सूक्ष्म परजीवीचा. यात सगळं सावकाश होतं. निळ्या पट्ट्याखालचा एखादा भाग आतून दुधाळ होतो, पट्टा तिथे तुटल्यासारखा दिसतो. मासा थव्यापासून सुटून फिरू लागतो, पुढे पाठीचा कणा वाकतो. आठवडे जातात. यावर भरवशाचं औषध नाही. मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा दुसऱ्यांनी कुरतडला की बीजाणू त्यांच्या पोटात जातात आणि महिन्याभराने दुसरा मासा फिका पडतो. ‘एकेक करून’ जाण्याचं हे अस्सल कारण आहे. असा मासा दिसताक्षणी वेगळा काढा. मेलेला मासा रात्रभर टाकीत राहता कामा नये, झाडं हलवून शोधावा लागला तरी.

स्नायू पांढरट दिसला म्हणून प्रत्येक वेळी प्लायस्टोफोराच असतो असं नाही, कॉलमनॅरिसमध्येही रंग उडतो. फरक वेगाचा आहे.

मासा खातो पण पोट आत ओढलेलं, पाठ धारदार होत चाललेली, असं असेल तर आधी खाण्याचा आकार बघा. चिली रासबोराच्या तोंडात मावेल असा कण मिठाच्या दाण्याहून लहान असतो. फ्लेक चिमटीत पूड करून द्या, आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची) पिल्लं द्या. अन्न वर तरंगत राहिलं तर मधल्या थरातल्या बुजऱ्या माशांना काही मिळत नाही, म्हणून ते बोटाने बुडवा. खाणं पोटात जात असूनही मासा वाळत असेल तर पोटातले जंत किंवा मायकोबॅक्टेरियम हा जिवाणू हे संशयित आहेत. त्यातला दुसरा माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतो. कापलेल्या हाताने टाकीत काम करू नका, हातमोजे घाला.

झाडांच्या मुख्य टाकीत औषध ओतणं मी शेवटचा पर्याय मानतो. तांब्याची औषधं कोळंबी मारतात, प्रतिजैविकं फिल्टरच्या जिवाणूंना धक्का देऊ शकतात, आणि मग अमोनियाने मेलेला मासा रोगाच्या खात्यावर लिहिला जातो.

नोंदीत काहीच नमुना दिसत नसेल

तर थवा किती आहे ते बघा. सहाच्या खाली हे मासे सतत घाबरलेले असतात. दहा-बारा असले की वागणंच बदलतं. सोबत एंजलफिश असेल तर उत्तर टाकीतच पोहतं आहे, तो मोठा झाला की निऑन त्याचं खाणं असतं. सर्पे टेट्रा आणि टायगर बार्ब पर कुरतडतात. तापमानाची जोडीही तपासा. निऑनला २१ ते २५ अंश मानवतात, कार्डिनलला त्याहून उबदार पाणी लागतं, व्हाइट क्लाउड तर थंडीतला मासा आहे. डिस्कससाठी २९ अंशांवर ठेवलेल्या टाकीत कार्डिनल चालतील, निऑन झिजत जातील.

आणि सगळे मासे तीन-चार वर्षांपूर्वी एकाच खेपेत आणले असतील, तर ते एकाच वयाचे आहेत. त्यांचं एकापाठोपाठ जाणं ही बिघाडाची खूण नाही.

संख्या भरून काढायची घाई मात्र करू नका. शेवटचा मासा गेल्यापासून किमान महिनाभर मोजणी स्थिर राहू द्या. मग दोन-तीनच्या हप्त्यांत न आणता हवे तेवढे एकाच वेळी आणा, म्हणजे आजार यायचा असेल तर त्याला एकच दार मिळेल. त्यांना आधी वेगळ्या छोट्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवा. त्या टाकीला झाडं-माती नको, तळ उघडा असू द्या, लपायला एखादी नळी पुरे. तिचा स्पंज फिल्टर मासे येण्याआधी महिनाभर मुख्य टाकीत चालू ठेवा, म्हणजे पहिल्या दिवसापासून जिवाणू तयार असतील. जाळी आणि पाइप दोन्ही टाक्यांचे वेगवेगळे ठेवा.